पांढऱ्याची पारख

सुट्टीच्या दिवशी सकाळी मशीन बंद झालं की थोरलीला दर वेळी वाटायचं, कुणीतरी आपल्या कानांवर ठेवलेले हात काढून घेतले. सहा दिवस त्या घरघरीत राहून कागदाच्या गिरणीतली माणसं मोठ्यानं बोलायला शिकली होती. सातव्या दिवशी शांतता पसरली की सगळे एकदम हळू आवाजात बोलू लागत, शेजारच्या खोलीत कुणी आजारी झोपलं असावं तसे.

आज मात्र कुणी बोलतच नव्हतं. लगदा पांढरा करायच्या ब्लीचिंग हॉलच्या वरच्या नमुन्यांच्या खोलीत घरातली सगळी मोठी माणसं जमली होती. खाली हौदांतला लगदा अजून कोमट होता. त्याची वाफ लाकडी फळ्यांच्या फटींतून वर येऊन टेबलाच्या पायांशी रेंगाळत होती, त्यामुळे सगळे जण ढगात पाय सोडून बसल्यासारखे दिसत होते. टेबलावर नकाशे पसरले होते. आपल्याच गिरणीच्या कागदावर छापलेले आणि छापणाऱ्या कंपनीनं परत पाठवलेले. एकूण एक नकाशा घडीवर तुटला होता. नद्या मधेच संपत होत्या, रस्ते कडेपर्यंत येऊन थांबत होते आणि पुढे टेबलाचं लाकूड दिसत होतं.

धाकट्यानं एक नकाशा उचलला, मिटला, उघडला. त्याच्या हातात दोन तुकडे आले.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" तो म्हणाला आणि तुकडे हळूच खाली ठेवले.

गिरणीचा माल बाहेर विकायचं काम धाकट्याचं. लोकांची बोलणी तोच खाऊन यायचा. गिरणीचे मालक चौघं: आबा, आबांची मोठी बहीण म्हणजे मुलांची आत्या, आणि आबांचे दोन मुलगे. थोरल्याकडे मशीन होतं. थोरली त्याची बायको; प्रयोगशाळा तिच्याकडे. तिचा हिस्सा नव्हता, त्यामुळे मतही नव्हतं. तरी आज तिला निरोप धाडून बोलावलं होतं, आणि कशाला ते तिला ठाऊक होतं. खापर फोडायचं तर डोकं लागतं.

"माझं म्हणणं सरळ आहे," धाकटा म्हणाला. "लगदा आपण करायचाच नाही. लाकूड शिजवणं बंद, ब्लीचिंग बंद. तयार पांढऱ्या लगद्याच्या गासड्या बाहेरून आणायच्या, पाण्यात सोडायच्या आणि मशीनवर घ्यायच्या. दादाचं मशीन चालू राहील. आत्याशी मी बोललोय, तिला पटलंय."

आत्यानं मान हलवली नाही, पण नाहीही म्हटलं नाही. ती तुटलेल्या नकाशाच्या कडेवरून बोट फिरवत होती. चाळीस वर्षं तिनं कागद निवडण्याच्या खोलीत काढली होती. कागद बघण्याआधी ती त्याला हात लावायची.

"आणि खालची माणसं?" थोरल्यानं विचारलं. "मुकादम? ढगोबा या हौदांवरच म्हातारा झाला."

"माणसांचं बघू. पण दादा, चूक कुठे होते ते तरी बोल. सहा महिन्यांपूर्वी वहिनींनी लगदा धुण्याचा एक फेरा वाढवला. त्यानंतर हे सुरू झालं."

"त्याआधीपासून सुरू आहे," थोरली म्हणाली. "धुण्यानं कागद तुटत नाही, भाऊजी. हायपो जास्त पडल्यानं तुटतो."

हायपो म्हणजे लगद्यातला उरलासुरला तपकिरी रंग खाऊन टाकणारं पाणी. एका बादलीला गिरणीत एक माप म्हणत. ते पाणी आधी रंग खातं, आणि रंग संपला की तंतूंचा जीव खायला लागतं. किती मापं घालायची ते आबा ठरवत. हौदातून मूठभर लगदा काढायचा, पिळायचा, उत्तरेच्या खिडकीशी न्यायचा, डोळ्यांसमोर धरायचा आणि म्हणायचं, "अजून एक." आबांच्या वडिलांनी हे असंच केलं होतं. गिरणीत आबांना पाठीमागे सगळे 'नजर' म्हणत. "आज नजर खूश आहे," "आज नजरेनं परत पाठवलं," असं.

"हायपो मी बघून घालतो," आबा म्हणाले. ते खिडकीशी पाठ करून बसले होते. "लगदाच पिवळा येतोय. दोन वर्षं झाली. लाकूड पूर्वीचं राहिलं नाही, त्याला कोण काय करणार?"

"मीटर म्हणतंय लगदा पांढरा आहे, आबा. हवा त्याहून जास्त."

"मीटर!" आबा हसले. "अगं, तुझ्या मीटरला दुधाचे दात आहेत अजून. मी पन्नास वर्षं पांढरं बघतोय."

हे संभाषण त्या दोघांत इतक्या वेळा झालं होतं, की थोरलीला पुढची चार वाक्यं पाठ होती. ती मीटरचे आकडे ठेवणार, आबा आकड्यांच्या कागदावर चष्म्याची डबी ठेवणार, थोरला इकडे आड तिकडे विहीर अशा चेहऱ्यानं बाहेर बघणार. आज तिनं आकडे काढलेच नाहीत. ती आकड्यांऐवजी हौदातला लगदा वाटीत घेऊन आली होती. तिनं पिळून त्याची चपटी वडी केली आणि तिच्या शेजारी एक छोटी चौकोनी फरशी ठेवली.

"ही काय?" आत्यानं विचारलं.

"मीटर बरोबर चाललंय का ते हिच्यावर तपासतात. चिनी मातीची आहे. ही कधी मळत नाही, पिवळी पडत नाही. आबा, मीटर राहू द्या. तुम्ही फक्त या दोन्हींकडे बघा."

आबा उठले. फरशी आणि लगदा दोन्ही हातांत घेऊन खिडकीशी गेले. बाहेरचा उजेड धुक्यातून येत होता, मऊ आणि एकसारखा. आबांनी लगदा बघितला. मग फरशी बघितली, खूप वेळ, एखादं पत्र वाचावं तशी.

"हीसुद्धा पिवळीच आहे," ते म्हणाले.

धाकटा हसला. मोठ्यानं नाही, नाकातून. थोरल्यानं मान खाली घातली. आत्याचं बोट नकाशाच्या कडेवर थांबलं.

"चहा घेऊ या का?" आत्या म्हणाली. "डोकी तापली की माणसं वाट्टेल ते बोलतात."

*

जिन्यात धाकट्यानं थोरलीला गाठलं. जिना अरुंद होता. खालून येणाऱ्या वाफेत धाकट्याचा चेहरा दिसायचा आणि पुसला जायचा.

"वहिनी, खरं सांगू? मला गासड्यांची हौस नाही."

"मग?"

"आबांना त्या हौदावरून खाली उतरवायचंय. सरळ सांगून ते उतरणार नाहीत. तुम्ही आत्ता ऐकलंत ना? फरशीला पिवळी म्हणाले. वर गेल्यावर सगळ्यांसमोर मीटर लावा. आधी फरशीला, मग लगद्याला. एकदा त्यांची चूक सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दिसली की विषय संपला. आत्या माझ्या बाजूला आहे, दादाचीही बोलती बंद होईल. मग ब्लीचिंग तुमच्या हातात. तुमचं धुणं, तुमचं पेरॉक्साइड, काय हवं ते करा. मी गासड्यांचं नाव काढणार नाही."

थोरली कठड्याला धरून उभी राहिली. दोन वर्षं ती ज्यासाठी भांडत होती, ते कुणीतरी ओंजळीत आणून ठेवत होतं. लाकूड सारखं शिजवायचं, आधी नीट धुवायचं, मग सोड्याच्या गरम पाण्यात, तंतूंना न दुखवता रंग उडवणाऱ्या पेरॉक्साइडचा हलका हात फिरवायचा आणि हायपो शेवटी नावापुरता. हे तिनं कागदावर इतक्या वेळा लिहिलं होतं, की स्वप्नातसुद्धा तिला हौद दिसत, आणि स्वप्नातल्या हौदात लगदा आपणहून उजळत जाई.

"विचार करा," धाकटा म्हणाला. "पण फार नको. चहा निवेल."

तो वर गेला. थोरली तिथेच राहिली. तिच्या मनात एकच गोष्ट अडकली होती. हट्टी माणूस फरशीला पिवळी म्हणत नाही. हट्टी माणूस म्हणतो, फरशी पांढरी असेल, पण लगदा पिवळा आहे; म्हणजे तो जिंकतो. आबांनी तर आपलाच डाव मोडला होता. त्यांनी फरशीकडे बघितलं होतं आणि जे दिसलं ते सांगितलं होतं.

जे दिसलं ते.

दोन वर्षं ती त्यांच्यापुढे मीटरचे आकडे टाकत होती. डोळ्यांबद्दल तिनं एकदाही विचारलं नव्हतं.

*

आबा चहाला थांबले नव्हते. ते खाली हौदाशी उभे होते. ढगोबा, ब्लीचिंगचा मुकादम, नळीनं जमीन धूत होता. सगळा जन्म वाफेत गेल्यामुळे त्याला ते नाव पडलं होतं आणि खरं नाव त्याच्या बायकोलाच आठवत असेल. थोरलीला बघून त्यानं नळी बंद केली आणि तो बाहेर गेला. हॉलमध्ये पाण्याचे थेंब पडण्याचा आवाज उरला. वरच्या काचांतून उजेड तिरका उतरत होता आणि वाफेला टेकून उभा राहिल्यासारखा दिसत होता.

"आलीस भांडायला?" आबा म्हणाले.

"नाही. आबा, संध्याकाळी दिव्याभोवती तुम्हाला कडं दिसतं का?"

आबांनी तिच्याकडे बघितलं नाही. "सगळ्यांनाच दिसतं. धुकं असतं ना."

"घरात धुकं नसतं."

थोरलीनं हौदात हात घातला, मूठभर लगदा काढला, पिळला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला.

"उजवा डोळा हातानं झाका. कुठला रंग दिसतो?"

"ही कसली पोरकट..."

"माझ्यासाठी."

आबांनी डोळा झाकला. "वाळलेल्या गवताचा. रोज दिसतो तोच."

"आता डावा झाका."

आबांनी हात बदलला. मग पुन्हा बदलला. उजवा, डावा, उजवा. थोरलीला त्यांच्या ओठांची हालचाल दिसत होती, पण आवाज येत नव्हता.

"चहासारखा," ते शेवटी म्हणाले. "याच्यानं चहासारखा दिसतो. त्याच्यानं गवतासारखा." ते तळहाताकडे बघत राहिले. "एकच मूठ, आणि दोन रंग कसे गं?"

"मोतीबिंदू असणार, आबा. डोळ्याच्या आतलं भिंग पिवळं होत जातं. इतकं हळू, की ज्याचं त्याला कळत नाही. माझ्या आईचं झालं होतं. डॉक्टर काढतात ते."

आबा हौदाच्या कट्ट्यावर बसले. पन्नास वर्षांत कुणी त्यांना त्या कट्ट्यावर बसलेलं बघितलं नव्हतं.

"मला वाटलं, जग जुनं होतंय," ते म्हणाले. "खरंच सांगतो. भिंती पिवळ्या, चादरी पिवळ्या, सकाळ पिवळी. मी म्हटलं, आपलं वय झालं की असंच दिसत असेल. जुन्या कागदासारखं सगळं. वाईटही वाटायचं नाही त्याचं. कधी कधी बरं वाटायचं. सगळीकडे सदा संध्याकाळ असल्यासारखं. फक्त लगदा... लगदा तेवढा पांढरा राहिला पाहिजे, असं वाटायचं. एवढं एक तरी आपल्या हातात आहे."

थोरली त्यांच्या शेजारी बसली. कट्टा ओला होता.

"किती मापं घालायचो मी पूर्वी?" त्यांनी विचारलं.

"चार."

"आणि आता सात." त्यांनी मूठ मिटली, बोटांतून पाणी ठिबकलं. "म्हणजे नकाशे मी तोडले."

तिनं त्यांच्या मुठीखाली आपली ओंजळ धरली.

"धाकट्यानं तुला जिन्यात काय सांगितलं? मला दिसत नसेल, ऐकू येतं अजून."

"सगळ्यांसमोर मीटर लावायला सांगितलं."

"मग लावणार?"

"नाही. तुम्ही म्हणाल तसं करू. हवं तर मी सांगेन, की हायपोचा जोर मोजण्यात माझी चूक झाली. तुम्ही डॉक्टरांकडे जाऊन या, मग बघू पुढचं."

आबा तिच्याकडे वळले. आणि एकदम हसले, पोटातून, खोकला येईपर्यंत.

"म्हणजे आता मलाही ब्लीच करणार तू? नको गं बाई. एवढी मापं घातली तर मीही घडीवर तुटेन."

*

वर चहा निवला होता. आबा टेबलाच्या टोकाशी उभे राहिले. लगद्याची मूठ त्यांनी अजून सोडली नव्हती.

"मला पांढरं दिसत नाही," ते म्हणाले. "बहुतेक दोन वर्षांपासून. डोळे बिघडलेत. लाकूड चांगलं होतं, सूनबाईचं धुणं चांगलं होतं, ढगोबानं मी सांगितलं तेवढंच घातलं. मी चाराची सात केली. आता कुणाला काय बोलायचं ते बोला."

वाफ टेबलापर्यंत चढली होती, तिच्यात नकाशांच्या कडा हलक्या हलत होत्या. धाकटा आपल्या पेल्यात बघत होता. ज्या क्षणाची तो वाट बघत होता तो आला होता, पण त्याच्या हातून नाही, आणि आता त्या क्षणाचं काय करायचं ते त्याला सुचत नव्हतं.

थोरला बोलला, तेही स्वतःशीच बोलल्यासारखं. "रोजची नोंद मीच करतो. चार लिहिलं. मग साडेचार. मग पाच. सहा लिहिताना माझा हात अडखळला होता, आबा. मी म्हटलं, नजर सांगतेय म्हणजे बरोबरच असणार." तो बायकोकडे वळला. "तू सांगत होतीस, आणि मी खिडकीबाहेर बघत होतो."

"मला वर्षभर ठाऊक आहे," आत्या म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

"काय ठाऊक आहे, अक्का?" आबांनी विचारलं.

"कागद मेलाय ते. निवडताना मी कोपरा दुमडून बघते ना, तो दहा घड्यांच्या आत तुटायचा. मग मी दुमडणंच सोडलं." तिचा आवाज नेहमीसारखा कोरडा होता, पण बोटं एकमेकांत गुंतली होती. "आधी वाटलं, माझीच बोटं म्हातारी झाली. मग बोटांनी सांगितलं, नाही, आम्ही ठीक आहोत."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाला बोलू? तुला? गिरणीत येणारा नवा माणूस आधी तुझ्या नजरेबद्दल ऐकतो, मग पगाराबद्दल. मी कसं म्हणणार, की तुझी नजर गेली?"

"आणि गासड्या?" धाकट्याचा आवाज चढला. "तुला पटलंय म्हणालीस मला! माझ्या बाजूनं मत देणार म्हणालीस!"

"देणार होते. ब्लीचिंगच बंद झालं की याच्यावर कुणी बोट ठेवलं नसतं. गिरणी बदलली, काळ बदलला, म्हणून हौद बंद झाले, असं म्हणता आलं असतं." तिनं धाकट्याकडे बघितलं. "मी तुझ्या बाजूनं नव्हते रे. मी याच्या बाजूनं होते."

धाकट्याचं तोंड उघडं राहिलं. लहानपणी मार चुकवायला तो याच आत्याच्या मागे लपायचा. त्या बाईनं आपल्यालाच पुढे करून भावाला मागे लपवलं होतं, हे त्याला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्याचा राग कुठल्या कुठे गेला. तो आबांसाठी खुर्ची ओढायला उठला, आणि ओढताना तिचा पाय थोरल्याच्या पायावर आला.

"आई गं!" थोरला ओरडला, आणि त्या खोलीत त्या दिवशी पहिल्यांदाच सगळे एकदम हसले.

"दादा, वहिनी, ऐका," धाकटा म्हणाला. "नकाशेवाल्यांकडे मी उद्या जातो. तीन आठवडे मागून घेतो. त्यांनी दिले तर वहिनींच्या पद्धतीनं एक घाणा काढायचा. कागद टिकला तर हौद राहतील. नाही टिकला तर गासड्या, आणि मग कुणी मला बोल लावायचा नाही."

"आणि आबा?" थोरलीनं विचारलं.

"मी दवाखान्यात," आबा म्हणाले. "पण त्याआधी एक. सूनबाई, तुझ्या कागदांवर लिहिलंय, लाकूड सारखं शिजलं पाहिजे. मधलं कच्चं आणि कडेचं गळालेलं असेल तर तुझं पेरॉक्साइडही काही करू शकणार नाही. बरोबर?"

थोरली चकित झाली. "तुम्ही माझे कागद वाचलेत?"

"भिंग लावून. तुझ्या मीटरला सांगू नकोस. शिजलेलं मला बघावं लागत नाही. ते मी हातानं सांगतो."

*

तीन आठवडे मिळाले. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली ती घाण्याच्या दुसऱ्या दिवसाची.

घाण्याच्या दिवशी पहाटेपासून धुकं होतं. शिजवण्याच्या मोठ्या भांड्याची वाफ त्यात मिसळली आणि गिरणी कुठे संपते आणि आकाश कुठे सुरू होतं ते कळेना. आबा भांड्याशी डोळे मिटून उभे होते. ढगोबा नळीतून थोडा थोडा लगदा काढून त्यांच्या हातावर ठेवी. आबा तो अंगठ्यानं चोळत, वास घेत.

"मधे काडी लागतेय. अजून पाव तास."

थोरली घड्याळ बघे. पाव तासानं पुन्हा.

"अजून थोडं. वाफ वाढवू नका, तशीच असू द्या."

आणि मग त्यांनी लगदा बराच वेळ दोन बोटांत धरला. "झालं. आता खाली सोडा."

पुढचं थोरलीचं होतं. गरम पाण्यानं एकदा धुणं, दोनदा, तिसऱ्यांदा. निथळणारं पाणी काळ्याचं तपकिरी, तपकिरीचं फिकं होईपर्यंत. मग सोड्याचं गरम पाणी आणि पेरॉक्साइड. हौदात काही उसळलं नाही, की नाकाला झोंबणारा वास सुटला नाही. लगदा नुसता पडून राहिला, आणि तास दीड तासात आतून उजाडत गेला. शेवटी ढगोबानं विचारलं, "किती मापं?" आबा हात पुसत बाजूला झाले. ढगोबाही त्यांच्याकडे बघत नव्हता. तो थोरलीकडे बघत होता.

"अर्धं," ती म्हणाली.

लगदा सायीच्या रंगाचा झाला. धाकट्यानं तो बघितला आणि काळजीत पडला. "पूर्वीसारखा लख्ख नाही."

"नकाशाला हवा तेवढा आहे. त्याच्यावर नद्या छापायच्यात, भाऊजी, आरसा करायचा नाही."

कोरा कागद मशीनवरून उतरला तेव्हा तो आत्याच्या हातात दिला गेला. तिनं एक पट्टी फाडली, एका बाजूला दुमडली, दुसऱ्या बाजूला दुमडली. सगळे तिच्याभोवती उभे राहिले. परत आलेला कागद नवव्या घडीला तुटला होता. आत्या मोजत नव्हती. थोरला मोजत होता, हळू आवाजात. दहा. पंधरा. वीस ओलांडल्यावर ढगोबा मोजायला लागला. तीस. चाळीसला धाकटा. आत्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला, जुनी ओळखीची कुणी दारात दिसावी तसा. पासष्टाव्या घडीला पट्टी तुटली. आत्यानं दोन्ही तुकडे ओठांना लावले, आणि आपण हे सगळ्यांसमोर केलं म्हणून लगेच रागावली.

"उभे काय राहिलात? मशीन कोण बघतंय?"

*

ऑपरेशन झालं त्याला आठ दिवस झाले होते. उजव्या डोळ्याचं झालं होतं, डाव्याचं पुढच्या महिन्यात. नकाशेवाल्यांनी नवा कागद ठेवून घेतला होता. आबा आज पहिल्यांदा गिरणीत येणार म्हणून ढगोबानं हौद घासून ठेवला होता आणि ताज्या लगद्याची एक वाटी खिडकीशी मांडली होती. थोरला, धाकटा, आत्या, सगळे हॉलच्या दाराशी येऊन थांबले. अर्ध्या मापाचा सायीसारखा लगदा या नव्या डोळ्याला कसा दिसेल, असं थोरलीच्या मनात आलं. बघून म्हणाले, "अजून एक," तर?

आबा फाटकातून आत आले. डॉक्टरांनी दिलेला गडद चष्मा होता, तो त्यांनी अंगणात काढला. धुकं विरलं होतं. पाण्याच्या उघड्या टाकीवर दुपार स्वच्छ पसरली होती. आबा चालता चालता टाकीशी थांबले.

"आबा?" थोरली पुढे झाली. "लगदा बघायला येताय ना? सगळे थांबलेत."

ते टाकीतल्या पाण्याकडे बघत होते. पाण्यात आकाश होतं. मग त्यांनी वर, खऱ्या आकाशाकडे बघितलं, मग पुन्हा पाण्याकडे. मग ढगोबाच्या वाळत टाकलेल्या सदऱ्याकडे, शेडच्या पत्र्याकडे, आपल्या हातावरच्या फुगलेल्या शिरांकडे.

"हे सगळं निळं आहे," ते म्हणाले. "केव्हापासून होतं गं हे?"

"नेहमीच होतं, आबा."

"डाव्या डोळ्यानंही निळं दिसतं की नाही?" त्यांनी एक डोळा झाकला, मग दुसरा, आणि लहान मुलासारखे हसले. त्यांचे डोळे पाणावले. डॉक्टरांनी डोळ्याला पाणी लागू देऊ नका म्हणून बजावलं होतं, म्हणून थोरलीनं घाईघाईनं रुमाल काढला.

दारातून धाकट्यानं हाक मारली. "आबा! लगदा!"

"थांब रे," आबा म्हणाले. "तो तिनं बघितलाय." आणि ते टाकीच्या कठड्याला टेकून पाण्यातलं आकाश बघत उभे राहिले.